अप्पांचा गिलास

नरसय्यानं माझ्या वडिलांची शिंदी बंद केली, असं आमच्या घरात सगळे मानतात. माय मरेपर्यंत तेच मानत गेली. बायको तेच मानते, मुलं तेच ऐकत मोठी झाली. ते खोटं आहे. शिंदी मी बंद केली. नरसय्याला खोटं सांगून केली, आणि त्याचा दोष त्या माणसाच्या डोक्यावर बसला तेव्हा मी समोर उभा होतो. एकदा नव्हे, दोनदा. पंधरा हिवाळे झाले. हे मी कुणापुढं बोललो नाही. आज कागदापुढं बोलतोय. कागदापुढं बोलायला काय जातंय, असं माझं मलाच म्हणावंसं वाटतं.

यंदा थंडी उशिरा पडली. दिवाळी होऊन पंधरवडा उलटला तरी सायकल मारताना सदरा पाठीला चिकटायचा. मग एका सकाळी शाळेला निघालो आणि हँडल हाताला गार लागलं. तुरी फुलावर होत्या, जोंधळ्याच्या पानांवर दहिवर साचलं होतं, आणि ओढ्याकडून तो वास आला. आंबूस, गोडसर, रात्री भिजत घातलेल्या पिठासारखा. मान वर न करता कळलं, शिंदीच्या झाडांना गाडगी लागली. आमच्या औरादच्या बाजूला झाडाला गाडगं लागलं की हिवाळा आला. होळीपर्यंत हा वास आता हटत नाही. या दिवसांत मी ओढ्याची वाट सोडून मैलभराचा वळसा घेऊन शाळेला जातो. बायको विचारते, "तिकडनं कामून जायलाव?" मी म्हणतो, रस्ता चांगला आहे. रस्ता चांगला नाही.

शिंदीचं झाड काही लपवत नाही. शिंदी काढणारा कमरेला दोर बांधून वर चढतो, शेंड्याखालचं अंग सोलतो, तिथं खाच घेतो, खाचेत बांबूची चिपटी बसवून खाली गाडगं बांधतो. यंदा या अंगाला, पुढच्या वर्षी त्या अंगाला. झाड वर वाढतं, खाचा खाली राहतात. म्हणून जुनी झाडं नागमोडी दिसतात, आणि खाचा मोजल्या की झाडानं किती हिवाळे रस दिला तेही कळतं. लांबच्या रस्त्यावरूनसुद्धा काठावरच्या झाडाच्या खाचा मला मोजता येतात. वरून खाली मोजत येतो. पंधरावी खाच म्हणजे मैसूर राज्याचं नाव बदलून कर्नाटक झालं तो हिवाळा. तिथं मी मोजणं थांबवतो.

परवा शाळेत मधल्या सुट्टीत पाटील गुरुजी पेपर मोठ्यानं वाचत होते. कुणा डॉक्टरचं सदर होतं. उतारवयात माफक घेतली तर मन प्रसन्न राहतं असं काही लोक म्हणतात, तो नुसता भास आहे असं बाकीचे म्हणतात. डॉक्टरसाहेबांनी दोन्हीकडचं मांडून शेवटी ज्यानं त्यानं आपल्या डॉक्टरला विचारावं म्हणून हात झटकले होते. पाटील गुरुजी हसून म्हणाले, "माझं रिटायर व्हायचं जवळ आलंय बगा. मला तर पयलीच बाजू पटली." मग माझ्याकडं मान वळवून इतरांना म्हणाले, "आता हे काय म्हन्तेत ते ऐका. यांनी गावंच्या गावं कोरडी केलीत. काय गुरजी, म्हाताऱ्या मानसानं घोटभर घ्यावी का न्हाई?"

"कुनाच्या हातनं?" मी विचारलं.

"म्हंजे?"

"कुनाच्या हातनं घ्यायची, ते लिवलंय का त्यात?"

माझा आवाज एवढा चढला की पटांगणातली पोरं वळून बघू लागली. पाटील गुरुजींनी पेपराची घडी घातली. "च्या सांगू का?" एवढंच म्हणाले. भला माणूस आहे तो. मी बाहेर येऊन हौदातलं पाणी तोंडावर मारलं. त्या सदरवाल्याला तरी काय बोलणार? त्यानं वयाचा विचार केला, मनाचा केला, दारूचा केला. पळसाचं पान त्याला कुठून ठाऊक असणार?

पळसाचं पान सांगायला हवं. ओढ्याकाठची झाडं आधी नरसय्याच्या बापाची. ती कलालांची माणसं, घरात तेलुगू बोलत, बाजारात कन्नड, आमच्याशी मराठी. गावातले लोक झाडाखाली दगडावर टेकून गिलासानं प्यायचे. आमच्या वस्तीतल्यांनी ओढ्याच्या उताराला बसायचं. येताना पळसाचं पान तोडून आणायचं, दोन्ही हातांत त्याचा खोलगा धरायचा, आणि नरसय्याच्या बापानं वरून हातभर अंतर राखून धार सोडायची. वारं असलं की निम्मी मनगटावर. पिऊन झालं की पान आपलं आपण लांब नेऊन टाकायचं. गावानं आम्हाला पाणी ज्या तऱ्हेनं दिलं, त्याच तऱ्हेनं शिंदीही दिली. माझे वडील गावचे येसकर. सांगावे न्यायचे, मेलेली ढोरं ओढायची, हाकेला धावायचं. पन्नाशीपर्यंत ते त्या उताराला बसून पानानं प्याले. हे लिहिताना आजही माझी कानशिलं तापतात.

मी अठरा वर्षांचा असताना आम्ही दीक्षा घेतली. अप्पांनी घरातले देव ओढ्यात सोडले. येसकराची काठी चावडीत ठेवून आले, म्हणाले, "ही घ्या. आता ढोर मेलं तर मालकानं वढावं." गावानं दोन वर्षं कामाला बोलावलं नाही. माय लांबच्या गावी खुरपायला जायची. अप्पांनी ते सोसलं. त्याच सुमारास नरसय्याचा बाप वारला आणि झाडं नरसय्याकडं आली. पहिल्याच हिवाळ्यात अप्पा आपले पान घेऊन उताराला जाऊन बसले, तर नरसय्या हातात जाड बुडाचा काचेचा गिलास घेऊन खाली उतरला. ही गोष्ट अप्पांनी मला इतक्यांदा सांगितली की आता मीच तिथं होतो असं वाटतं.

"लक्ष्मण्णा, धर."

"पान हाय माझ्याकडं."

"पान शेळीला घाल. धर म्हन्तो न्हवं का. तुझ्या हातानं काच फुटतीया का माझं झाड वाळतंय, बगू तरी."

वर बसलेले दोघं उठून चालू लागले. नरसय्या त्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हौ, जावा जावा! तुमच्या वाट्याची बी लक्ष्मण्णा पितो." मग अप्पांना हाताला धरून वर नेलं आणि आपल्याजवळ बसवलं. त्या दिवसापासून तो गिलास इतर गिलासांच्या रांगेत, बाभळीच्या वाळक्या फांदीवर उपडा टांगलेला असायचा. गोष्ट संपवताना अप्पा दर वेळी माझ्याकडं बघून म्हणायचे, "आन् झाड वाळलं न्हाई बरं का, गुरजी." मी शिक्षक झाल्यापासून मला ते गुरजीच म्हणायचे, थट्टेनं आणि कौतुकानं.

पौर्णिमेला आमच्या विहारात वंदना व्हायची. पंचशील मी म्हणायचो, लोक मागून म्हणायचे. अप्पा पहिली चार शीलं खणखणीत म्हणायचे. पाचवं, दारूपासून दूर राहण्याचं, आलं की हात जोडलेले तसेच आणि ओठ घट्ट मिटलेले. सगळ्या वस्तीला ते दिसायचं. एकदा घरी येऊन मी चिडून विचारलं तर म्हणाले, "चौथ्यात खोटं बोलनार न्हाई म्हनायचं आन् लगीच पाचव्यात खोटं बोलायचं, हे मला जमत न्हाई बाबा. तू शिकलेला हायस. तुला जमंल." तेव्हा मला तो टोमणा वाटला. आता वाटतं, बाप पोराला ओळखून होता.

आता त्या हिवाळ्यातले अप्पा. सदुसष्ट-अडुसष्टचे असतील. गुडघे गेलेले, डाव्या कानानं कमी. दिवसभर फारसं बोलणं नाही. ऊन उताराला लागलं की अंगणात त्यांची चुळबूळ सुरू व्हायची. धोतर झटकून नेसायचं, पटका नीट बांधायचा, डोळ्याला पाणी लावायचं. लग्नाला निघावं तसं. माय चुलीपुढून म्हणायची, "निघाले नवरदेव." हे हसायचे. काठी टेकत ओढ्याला जायचे, एक गिलास प्यायचे, दुसरा कधी नाही. दिवस मावळायच्या आत परत. आणि परत येणारा माणूस वेगळाच असायचा. लांबूनच माझ्या पोरींना हाका. कोंबड्यांशी बोलणं. निजामाच्या वेळच्या पोलिसातल्या अमीनसाहेबाची नक्कल, तीही त्याच्या उर्दूत. मायला नावानं हाक मारायचे, "सखू, काय रांधलीस?" आणि दोन भाकरी, वर लसणाची चटणी, वर कच्चा कांदा. झोकांडी कधी गेली नाही, शिवी कधी आली नाही. बायकोवर हात टाकणं तर दूरच.

हे मी तेव्हाही बघत होतो. बघत होतो, म्हणून तर स्वतःचा जास्त राग येतो.

कारण त्याच दिवसांत गावात सारायीचं, म्हणजे देशी दारूचं दुकान होतं. सरकारनंच लिलाव करून दिलेलं. आमच्या वस्तीतली चांगली कमावती माणसं त्या दुकानानं खाल्ली. माझा चुलतभाऊ रानबा सारायी पिऊन यायचा आणि बायकोला मारायचा. एका दुपारी ती फुटलेल्या डोक्याला पदर दाबून थेट माझ्या शाळेत आली आणि पोरांसमोर म्हणाली, "भावजी, तुमी समद्यास्नी शिकवता. घरातल्यास्नी कोन शिकवनार?" मी त्या दिवशी पेटलो. वस्तीतल्या तरुणांचं मंडळ केलं, मी त्याचा चिटणीस. घरोघर फिरलो, दुकानासमोर बसलो, मार खाल्ला. त्या रागाची मला आजही लाज वाटत नाही. सारायीनं घरं बुडवली, आणि तिच्याविरुद्ध आम्ही उभे राहिलो ते बरोबरच केलं. लाज पुढची आहे.

मंडळाच्या बैठकीत एक पोरगा, रानबाचाच धाकटा भाऊ, उठून म्हणाला, "गुरजी, आमच्या भावाला तुमी पाचवं शील शिकवायलाव. तुमचा बाप रोज दिस कलला की झाडाखाली बसतोय. त्यास्नी कोनतं शील हाय?" सगळे हसले. मला उत्तर देता आलं असतं. सारायी आणि शिंदी एक नव्हे, रानबा आणि अप्पा एक नव्हेत, असं म्हणता आलं असतं. निदान अप्पा विहारात खोटं बोलत नाहीत, एवढं तरी म्हणता आलं असतं. मी बापाची बाजू घेतली नाही. माझा चेहरा पडला होता आणि मला तो वाचवायचा होता.

घरी येऊन अप्पांना म्हटलं, सोडा. त्यांनी काठी जवळ ओढली. मायच मधे पडली. "त्यांनी समदं सोडलं रे तुमच्यापायी. देव सोडला, काठी सोडली, गावाची भाकर सोडली. एक गिलास ऱ्हायलाय. तो बी तुझ्या डोळ्यात खुपायलाय व्हय?"

"लोक काय म्हन्तेत, माय?"

"लोकांच्या घरला जाऊन जेव मग."

दुसऱ्या दिवशी मी शाळा सुटल्यावर नरसय्याकडं गेलो. तो गाडगी धूत होता. मी त्याला सांगितलं, बीदरच्या डॉक्टरला दाखवलंय, अप्पांचं लिव्हर गेलंय, एक गिलासही विषासारखा आहे. तसलं काही नव्हतं. बीदर नव्हतं, डॉक्टर नव्हता, लिव्हर ठणठणीत होतं. नरसय्याच्या हातातलं गाडगं तसंच राहिलं.

"अय्यो. मी सांगतो की त्यास्नी समजावून."

"आजार सांगू नका. घाबरून दोन दिवसांत जातील. नुसतं न्हाई म्हना. आन् माझं नाव नको."

"नुसतं न्हाई कसं म्हनू, गुरजी? लक्ष्मण्णाला?"

"त्यांना जगवायचं हाय ना तुम्हाला?"

मी शिकलेला माणूस. त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला. मान हलवली आणि गाडगं पुन्हा धुवायला लागला.

त्याच संध्याकाळी मी बांधावर, तुरीच्या आडोशाला सायकल धरून थांबलो होतो. काम झालं की नाही ते बघायला. अप्पा आले. नेहमीसारखा पटका, नेहमीसारखी काठी. फांदीवरचा गिलास स्वतः काढून घेतला आणि पुढं केला. नरसय्या काहीतरी पुटपुटला, मान हलवली. अप्पांना ऐकू आलं नसावं, त्यांनी कान पुढं केला. नरसय्या मोठ्यानं म्हणाला, "न्हाई. तुला न्हाई आजपासनं." आजूबाजूला चौघं पीत बसले होते. अप्पा त्यांच्याकडं बघत राहिले, मग हातातल्या गिलासाकडं. त्यांनी तो हळूच जागेवर टांगला. मला वाटलं, झालं, आता निघतील. ते काठी टेकत उतारानं खाली गेले. पळसाचं एक पान तोडलं, धोतरानं पुसलं. तिथंच, जिथं पूर्वी बसायचे तिथं खाली बसले, आणि दोन्ही हातांत पानाचा खोलगा करून वर धरला.

"पानात घाल मग, नरसय्या."

नरसय्यानं तोंड फिरवलं.

मी आडोशातून बाहेर आलो नाही. वीस पावलांचं अंतर होतं. वीस पावलं चालून, माझं आहे हे सगळं, उठा अप्पा, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. हात किती वेळ तसे वर होते ते मला माहीत आहे, पण मी लिहिणार नाही. शेवटी त्यांनी पान चुरगाळलं नाही, फेकलं नाही. जुन्या सवयीनं लांब नेऊन ठेवलं.

घरी आल्यावर त्यांनी पटका खुंटीला अडकवला. जेवताना मायला एवढंच म्हणाले, "पानात बी घातली न्हाई गं त्यानं. नरसय्या बी शेवटी गावाचाच निगाला." मी समोर बसून भाकरी मोडत होतो. माझ्या पुढच्या भाकरीचे तुकडे होत राहिले.

त्यानंतर अप्पांनी एकदाही विचारलं नाही, का म्हणून. याच गोष्टीचा मला सगळ्यांत जास्त संताप येतो, आणि तो कुणावर काढावा ते कळत नाही. आयुष्यभर त्यांना 'नाही' मिळत गेलं आणि त्या 'नाही'ला कारण नसायचं. विहिरीवर नाही, देवळात नाही, चावडीच्या ओट्यावर नाही. कारण विचारायची सवयच या गावानं त्यांना लागू दिली नव्हती. ते विचारते तर माझं खोटं एका दिवसात उघडं पडलं असतं. गावाच्या त्या जुन्या पापाच्या आडोशाला मी माझं खोटं लपवलं आणि ते छान लपलं. मी, मंडळाचा चिटणीस.

ऊन उताराला लागायचं आणि अप्पा भिंतीकडं तोंड करून बसायचे. पटका खुंटीवरच असायचा. पोरींनी गळ्यात हात टाकले तर बाजूला करायचे. नकलेतला अमीनसाहेब मेला. एक भाकरीही जाईना. माय म्हणायची, "सखू म्हना की येकदा," तर तिच्याकडं नुसतं बघायचे. कुणीतरी दुकानातली सारायी आणून देतो म्हणालं, तर म्हणाले, "मला काय नशा पायजे व्हती व्हय?"

पुढच्या उन्हाळ्यात मग त्यांना खरोखरच बीदरला नेलं. डॉक्टरनं पोट दाबून पाहिलं, म्हणाला, लिव्हर तरुण माणसासारखं आहे, वय झालंय, मन उदास आहे इतकंच. दारू घेतात का, विचारलं. मी म्हटलं, "सोडली." भिंतीकडं बघत असलेले अप्पा म्हणाले, "सोडली न्हाई साहेब. मिळंना झाली." डॉक्टर हसला. मीही हसलो.

अप्पा आणखी एक हिवाळा राहिले आणि थंडी संपता संपता गेले. आजार काहीच नव्हता. एका सकाळी उठले नाहीत इतकंच.

मातीच्या दिवशी नरसय्या आला. वस्तीच्या तोंडाशी थांबला, पायातलं काढून हातात घेतलं आणि दारापर्यंत आला. मायनं त्याला उंबऱ्यावरूनच अडवलं. "आता कामून आलास? जित्तेपनी पानात बी घातली न्हाईस. आता काय तोंडात घालायला आलास व्हय?" सगळी वस्ती ऐकत होती. नरसय्यानं माझ्याकडं बघितलं. मी अप्पांच्या अंगावरची चादर नीट करू लागलो. ती नीटच होती. तो माणूस पायताणं हातात घेऊन तसाच माघारी गेला. माय पुढं सहा वर्षं जगली आणि ओढ्याकडं तोंड करून बसली नाही.

नरसय्या आता सत्तरीचा आहे. झाडावर पुतण्या चढतो, हा खाली बसून असतो. तीन वर्षांमागं औरादच्या बाजारात त्यानं मला गाठलं. टोपल्यांच्या रांगेपाशी, माणसांच्या गर्दीत. दंडाला धरून बाजूला घेतलं.

"गुरजी, एक विचारू का? मी न्हाई म्हन्लो म्हनून लक्ष्मण्णा वरीस-दीड वरीस जास्त जगला न्हव? तुमचा डाक्टर तसंच म्हन्ला व्हता न्हव?"

मी म्हणालो, "हौ."

"मग झालं." त्याचा चेहरा सैल झाला. "तुमच्या मायनं वाईट म्हन्लं, म्हनू दे. गाव म्हन्तंय, म्हनू दे. मी आपलं मनाला सांगतो, नरसय्या, तुझं तोंड काळं झालं पर मानूस जगला." मग म्हणाला, "त्यांचा गिलास तसाच टांगलाय मी. कुनाला देत न्हाई."

हे ऐकून मी भेंडी घेतली आणि घरी आलो. भेंडी घेतली हे मला स्पष्ट आठवतं.

आता मला पन्नाशी लागली. ऊन उताराला लागलं की आतून काहीतरी खाली बसतं, वहीवरची अक्षरं नकोशी होतात. बायको म्हणते, दिस कलला की तुमचं तोंड अप्पांसारखं व्हायलंय. मी शिंदीच्या थेंबाला शिवलेलो नाही आणि शिवणार नाही. पण त्या वेळेला माणूस कशाकडं निघतो ते मला आता कळायला लागलंय. त्यांचा जीव त्या आंबट पाण्यानं हलका व्हायचा, की हाताला धरून वर नेऊन बसवणाऱ्या माणसानं, हे मला सांगता येत नाही. त्या पाण्यानंही थोडं केलं असेल. गुडघे ठणकायचे थांबत असतील. कुणी डॉक्टर दोन्ही वेगळं करून दाखवेल तर दाखवो. मी दोन्ही एकदमच तोडलं, तेव्हा मला वेगळं करायची गरज पडली नाही.

पौर्णिमेला पंचशील अजून मीच म्हणवून घेतो. पाचवं शील मी कधी मोडलं नाही, वस्ती माझं उदाहरण देते. चौथं, खोटं न बोलण्याचं, मी दर महिन्याला हात जोडून, शुद्ध उच्चारात म्हणतो. आवाज फाटत नाही. ओठ मिटायची हिंमत माझ्या अडाणी बापात होती, माझ्यात नाही. लोक मागून म्हणतात आणि मला त्यांचा राग येतो, की एकालाही माझ्या आवाजात काही ऐकू कसं येत नाही.

मनाला मी बरीच कारणं देतो. म्हणतो, नरसय्याला खरं सांगितलं तर त्याचा शेवटचा आधार जाईल. आपण दोस्ताला जगवलं, एवढं धरून म्हातारा बसलाय. ही दया नव्हे. मी पुन्हा तुरीच्या आडोशाला उभा आहे, एवढाच त्याचा अर्थ.

नरसय्याच्या झाडाखाली जाऊन, जे कुणी तिथं पीत बसले असतील त्यांच्यासमोर, मला सांगायचं आहे की लक्ष्मण्णाला कसलाही आजार नव्हता, डॉक्टर नव्हता, नाही म्हणायला लावणारा मी होतो. मग आमच्या वस्तीत येऊन, माय ज्या उंबऱ्यावरून बोलली त्याच उंबऱ्यावरून हेच पुन्हा सांगायचं आहे. त्यावर नरसय्या जे बोलेल ते उभं राहून ऐकायचं आहे. एवढं मी त्याचं देणं लागतो. आज गाडगी लागून बारा दिवस झाले. अजून मी गेलेलो नाही.